समुद्राकडे पाठ करून

६ जानेवारी १९९८, मंगळवार

रोज डायरी लिहायचा नव्या वर्षाचा संकल्प सहाव्या दिवशी सुरू होतोय. जितेंद्र म्हणाला, "सीमा, पहिल्याच पानावर लेट मार्क!" या माणसाला ऑफिसच्या बाहेरचं काही सुचेल तर शपथ.

पण आज लिहिण्यासारखं घडलं. तिसरीला 'वारे' शिकवत होते. नऊ वर्षं शिकवतेय, त्यामुळे तोंड आपोआप चालतं. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. मुलांनी एका सुरात म्हणून दाखवलं. मी विचारलं, "समजलं का?" वर्गातून नेहमीचं "होऽऽऽ बाई" आलं. मी खडू ठेवणार तेवढ्यात निमिष उभा राहिला. स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगीतला मुलगा, तोंडाला फाटक नाही. म्हणाला, "बाई, तुम्ही खारा वारा येताना बघितलाय?"

"वारा दिसतो का रे, शहाण्या?" असं म्हणून मी त्याला बसवलं. मुलं हसली. पण प्रश्न काही बसेना. मी फलटणची. लग्न होऊन स्टेशनपलीकडच्या आचोळ्याला आले, तिथून रोज होळी गावातल्या या शाळेत येते. शाळेपासून समुद्र चालत अर्ध्या तासावर आहे. आणि नऊ वर्षांत मी एकदाही मान वर करून पाहिलं नाही की वारा येतो कुठून. पुस्तकात लिहिलंय म्हणजे येत असणार!

९ जानेवारी, शुक्रवार

आज प्रयोग केला. एका परातीत वाळू, दुसरीत पाणी, दोन्ही उन्हात ठेवल्या. मधल्या सुट्टीनंतर मुलांना बोटं घालायला सांगितली. वाळूतून बोटं "आई गं" म्हणत बाहेर आली, पाण्यातून निघायलाच तयार नव्हती. सुझान नावाची एक मुलगी आहे, शाळेमागच्या वाडीतली, तासातासात एक शब्द बोलत नाही. ती दोन्ही हात दोन्ही परातींत घालून कितीतरी वेळ बसली आणि म्हणाली, "बाई, ऊन तर दोघांना सारखाच दिला ना?"

मला एकदम काहीतरी झालं. नऊ वर्षांत हा धडा मला कोणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितला नव्हता. ऊन सारखं मिळूनही जमीन लवकर तापते, पाणी तापत नाही, आणि तेवढ्यावर सगळे वारे चालतात!

मग दोन परातींच्या मध्ये उदबत्ती लावली. धूर गार पाण्याकडून तापल्या वाळूकडे वळायला हवा. मला तो सरळ वर जाताना दिसत होता, पण मी विचारलं, "वळला का वाळूकडे?" आणि सगळा वर्ग ओरडला, "होऽऽऽ बाई, वळला!" लहान मुलांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते हेच खरं. मला आता चष्म्याचा नंबर तपासायला हवा. सुझान तेवढी गप्प होती. एक चांगलं वाक्य बोलून दमली असावी.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांतीच्या पतंगांकडे बघताना कल्पना सुचली आणि आज धीर करून हेलनबाईंकडे गेले. हेलनबाई आमच्या मुख्याध्यापिका. त्या हसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. शाळेमागे भाताचं लांबच लांब शेत आहे, कापणीनंतर मोकळं पडलेलं, पश्चिमेला पार नारळांपर्यंत. तिथे मुलांना एकामागे एक उभं करायचं, प्रत्येकाच्या हातात कामटीला बांधलेलं लाल निशाण. सकाळी पूर्वेचा वारा असतो, दुपारच्या आत तो पडतो आणि समुद्राचा सुरू होतो. तो ज्याच्यापर्यंत पोचेल त्याने निशाण वर करायचं. म्हणजे वारा चालत येताना दिसेल!

हेलनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "पालकांना बोलवणार?"

"हो. दुसऱ्या शनिवारी, चौदा फेब्रुवारीला. नोकरीवाल्यांनाही सुट्टी असते."

"आणि सीमाबाई, नाहीच आला वारा तर?"

टोमणाच तो. मी म्हटलं, "येईल." उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांनी परवानगी दिली, पण एकदाच. जमलं नाही तर पुन्हा पुस्तक आणि फळा. मी चाळीस मुलांना आणि त्यांच्या आईबापांना वारा दाखवायचं कबूल करून बसले आहे, आणि वारा काही माझ्या मामाचा नाही.

२४ जानेवारी, शनिवार

जमलं! पहिलीच तालीम आणि काय जमलं!

शेत सुझानच्या घरचंच. तिची आई रेजिना म्हणाली, "उभी राहू दे पोरं, शेत काय झिजते काय?" निशाणांना स्नेहसंमेलनाचा जुना लाल पडदा कामी आला. तो हेलनबाईंच्या कपाटात कसा कोण जाणे नीट चौकोन कापूनच ठेवलेला सापडला. मुलं समुद्राकडे तोंड करून उभी केली, मी शाळेच्या टोकाला. उन्हाने नुसती काहिली होत होती. मी पदराने वारा घेत वाट पाहत होते. आणि अकराच्या सुमारास, पार नारळांखाली उभ्या निमिषचं निशाण वर गेलं, आणि बघता बघता सगळ्या रांगेची वर! बघता बघता कसलं, पापणी लवायच्या आत. इतक्या वेगाने येत असेल समुद्राचा वारा, मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बांधावर रेजिनाची लुगडी वाळत होती ती मात्र ढिम्म हलली नाहीत. ओली असतील, जड.

एका सुझानने घोळ केला. रांगेच्या मध्यावर तिचं एकटीचं निशाण खाली. मी इथून ओरडले, "सुझान, झोप लागली का?"

"माझ्याकडं नाय आला, बाई."

"सगळ्यांकडे आला आणि तुला तेवढं वगळून गेला?"

मुलं खदखदून हसली. तिने निशाण वर केलं. मी म्हटलं, "शाबास! असं लक्ष हवं." चौदा तारखेला तिला रांगेच्या कडेला उभं करावं का, विचार करते आहे.

२५ जानेवारी, रविवार

हे आजच लिहायला हवं.

सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. काम संपलं तरी उन्हात उभी राहिले, पश्चिमेकडे तोंड करून. हवा पडली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी जाळलेल्या कचऱ्याचा धूर दोरी सोडल्यासारखा सरळ उभा होता. स्टेशनच्या बाजूला गच्च्याच गच्च्या, आणि रविवार म्हणून प्रत्येक गच्चीवर कपडे. आणि पार लांबच्या गच्चीवर एक पांढरी चादर हलली.

मी बघत राहिले. तिच्या अलीकडच्या गच्चीवरचे सगळे कपडे लोंबतच होते. मग तेही हलले. मग त्याच्या अलीकडची गच्ची. मध्येच थांबलं. मला वाटलं संपलं. मग शाळेच्या गणवेशांची एक अख्खी ओळ झुलायला लागली, मग पाण्याच्या टाकीवर टाकलेली गोधडी. एकेक बिल्डिंग ओलांडत काहीतरी माझ्याकडे येत होतं. ना त्याला रंग, ना रूप, आणि तरी ते कुठे पोचलंय हे मी बोटाने दाखवू शकले असते. समोरच्या गच्चीवरच्या साड्या फुगल्या. माझ्या दोरीवरचे कपडे अजून गप्प होते. आणि मग तोंडावर आलं ते. गार, किंचित ओलसर. खालचा धूर पूर्वेकडे मोडला.

देवळात कधी असं वाटलं नाही मला, खरंच सांगते. हे रोज होतं. रोज! मी वर्गात "समजलं का" विचारत असते तेव्हा हे माझ्या डोक्यावरून चाललेलं असतं.

आणि तिथेच, डोळ्यांतलं पाणी पुसता पुसता, मला काल आठवलं. वारा एका क्षणात येत नाही. तो थांबत, अडखळत येतो. मग काल पापणी लवायच्या आत काय आलं होतं? मी तर पदराने वारा घेत होते! काल वारा आलाच नव्हता. निमिषने केलं म्हणून सगळ्यांनी केलं. बाईंना हवं होतं म्हणून केलं. उदबत्तीचा धूरही कुठे वळला नव्हता.

चाळीस मुलांत एकीनेच खरं सांगितलं, आणि मी सगळ्यांसमोर तिचं हसं करून तिला खोटं बोलायला लावलं. वर शाबासकी दिली. जितेंद्रला सांगितलं तर म्हणाला, "अगं, लहान आहे, विसरली असेल." त्याला कळलं नाही. मलाही कालपर्यंत कुठे कळलं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

वर्गात सांगितलं, "शनिवारी सुझान बरोबर होती आणि बाई चुकल्या." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई चुकतात हे त्यांना नवीनच. निमिषने मोठ्या मनाने कबूल केलं की त्याच्या कानाजवळून चिलट गेलं होतं, त्याला तो वारा वाटला.

सुझान खाली बघत होती. मी जवळ गेले. म्हटलं, "बाळा, तू खरं सांगितलंस. पुढच्या वेळीही तसंच सांगायचं हं."

"हो बाई," ती म्हणाली. अगदी इतरांसारखं म्हणाली.

३१ जानेवारी, शनिवार

यावेळी मी शहाणी झाले होते. मुलांना उलटं उभं केलं, समुद्राकडे पाठ, शाळेकडे तोंड. मागच्याचं निशाण दिसणारच नाही. म्हटलं, "डोळ्यांनी नाही, मानेने बघायचं. मानेला गार लागलं की वर." निमिषने विचारलं, "बाई, वेस्टकडे पाठ म्हणजे स्टेशनकडे तोंड ना?" इथल्या पोरांचा सूर्यसुद्धा रेल्वे लायनीवरूनच उगवतो.

वारा आला, खरा आला, आणि निशाणंही थोडी मागेपुढे वर गेली. आनंद व्हायला हवा होता. पण मी एकीकडेच बघत होते. अख्ख्या रांगेत एकच मूल मान वळवून मागे बघत होतं. दुसऱ्याने वर केलं का, तिसऱ्याने केलं का. जिला कुणाचं बघायची गरज नव्हती तिला मी बघायला शिकवलं. बाकीच्यांना मी काही शिकवलं की नाही देव जाणे, हा धडा मात्र पक्का बसलाय.

हेलनबाई आज अकराला शाळेच्या गच्चीत उभ्या होत्या. हल्ली रोजच असतात म्हणे. पाळत ठेवतात आमच्यावर.

१० फेब्रुवारी, मंगळवार

शाळा सुटताना रेजिना आली. हातात विकून उरलेल्या मोगऱ्याच्या पुड्या, बाजारातून परस्पर आलेली. म्हणाली, "बाई, सुझानला काय झाला? रोज दुपारी शेतात जाते न् कामटी धरून उभी राहते, तुम्ही सांगितला तशी, पाठ करून. मी बांधावर असली तर माझ्या तोंडाकडं बघत राहते न् इचारते, मम्मी, आला का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? तिच्या मानेवरचा मला कसा कळणार? मी म्हणते, आला असेल. मग ती वर करते. मी म्हणते, नसेल आला. तर खाली करते. एकदा तर म्हणाली, मम्मी, नीट सांग, माझी चूक होते."

पोरीने आता वाऱ्याची नाही, माणसांच्या तोंडाची वाट बघायला सुरुवात केली आहे. मागच्यांची निशाणं लपवून काय होणार? समोर चाळीस पालक उभे राहणार आहेत, आणि त्यांच्यापुढे मी.

तिला त्या दिवशी घरीच ठेवू का, असं रेजिनाने विचारलं. मी नको म्हटलं. का म्हटलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिच्याशिवाय वारा शाळेपर्यंत पोचला तरी मला तो नको आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळ झाली तरी अंगावरचा काटा जात नाही. क्रमाने लिहिते.

पालक भरपूर आले. छत्र्या, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. निमिषचे पप्पा हँडीकॅम घेऊन. जितेंद्रसुद्धा आला, "बायकोची परीक्षा आहे" असं सगळ्यांना सांगत. हेलनबाईंनी खुर्ची बाहेर मागवली आणि सगळ्यांच्या पुढे बसल्या. मुलं शेतात, समुद्राकडे पाठ करून, तोंडं आमच्याकडे. सुझान मध्यावर, तिच्या जुन्याच जागी.

सकाळचा पूर्वेचा वारा दहानंतर पडला. हवा इतकी थांबली की कुणाच्या डब्यातल्या बोंबलाचा वास जिथल्या तिथे उभा होता. साडेदहा झाले, अकरा झाले. पालकांची चुळबुळ सुरू झाली. एक जण म्हणाले, "पोरांना ऊन लागेल हो." हेलनबाई मागे न बघता म्हणाल्या, "क्रिकेट खेळताना लागत नाही?"

मी मनात कुलदैवतापासून सुरुवात करून सगळ्यांना साकडं घातलं.

आणि नारळांच्या शेंड्यांत काहीतरी हललं. पार शेवटचं निशाण वर गेलं. यावेळी निमिषच्या जागी उभ्या सुमेधचं. बराच वेळ काही नाही. मग त्याच्या अलीकडचं. मग दोन एकदम. मग एक. मागे काय चाललंय ते एकाही मुलाला दिसत नव्हतं. प्रत्येक जण आपल्या मानेपाशी एकटा होता, आणि तरी निशाणं एकामागून एक वर येत होती. वारा चालत येत होता. मला तो चालताना दिसत होता! मागे पालकांतलं बोलणं बंद झालं. कुणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं.

सुझानच्या मागच्या मुलाचं निशाण वर गेलं. आणि सगळं थांबलं.

तिच्यामागे फडफडणारं लाल, तिच्यापासून आमच्यापर्यंत काही नाही. ती काठी घट्ट धरून उभी, निशाण खाली. क्षण गेले, आणखी गेले. मग पालकांना राहवेना. "अगं ए, तुझा नंबर!" "वर कर ना!" आणि कुणीतरी ओरडलं, "झोप लागली का?"

माझेच शब्द. ओठ दाबून उभी राहिले.

सुझानने कुणाकडेच पाहिलं नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं. एवढ्या लांबूनही मला तिचे डोळे कळत होते. उत्तर विचारत होते. मी नुसती पापणी हलवली असती तरी तिने निशाण वर केलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, त्या ऐकून पुढच्यांनीही केलं असतं आणि माझा प्रयोग पार पडला असता. चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला, पण माझा चेहरा कधी कोरा राहिलाय? राग, लोभ, हवं, नको, सगळं त्यावर फळ्यासारखं लिहिलेलं असतं. ती त्यावरून काहीतरी वाचणारच होती.

म्हणून मी वळले. शेताकडे पाठ केली आणि शाळेच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"सीमा, अगं काय करतेस?" जितेंद्र म्हणाला.

"तिला माझं तोंड दिसायला नको," मी म्हटलं. "कुणाचंच नको."

खुर्चीचा आवाज झाला. हेलनबाई उठल्या होत्या. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवून ठेवली आणि माझ्याशेजारी भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग रेजिना वळली. मग जितेंद्र. मग कुरकुरत, हसत, एकेक करून सगळेच. निमिषचे पप्पा म्हणाले, "अहो, मग मी शूट काय करू?"

"भिंत करा," हेलनबाई म्हणाल्या.

एवढी शहाणीसुरती माणसं शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी. जे दाखवायला सगळ्यांना बोलावलं होतं त्याच्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. किती वेळ गेला ठाऊक नाही. हेलनबाई अगदी हळू, भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "गेला महिनाभर मी गच्चीत उभी राहून बघतेय. रोज येतो हो. पण दर वेळी वाटतं, आज नाही यायचा."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मग मागे कापड फडफडलं. मग आणखी जवळ एक. मग एक. पावलं वाजावीत तसं ते येत होतं, आणि मी वळले नाही, कुणीच वळलं नाही. कडेच्या कुणाचा तरी श्वास अडकलेला ऐकू आला. आणि मानेवर, अंबाड्याखाली, गार बोट टेकलं. पदर खांद्यावरून उडून पुढे आला. हेलनबाईंनी कपाळाकडे हात नेऊन क्रुसाची खूण केली. जितेंद्र काही विनोद करेल म्हणून मी वाट पाहिली, तर त्याने नुसता माझा दंड धरला होता.

वळून पाहिलं तेव्हा सगळं शेत लाल झालं होतं. मुलं जागच्या जागी उड्या मारत ओरडत होती, "बाई, आम्हाला दिसला! तुमच्यावर आलेला दिसला! आधी त्या कडेच्या काकूंची साडी उडाली, मग निमिषच्या पप्पांची टोपी, मग तुम्ही!" मोठ्यांनी पाठ केली म्हणून मुलांना दिसला.

सुझान शेतातून चालत आली, निशाण तसंच वर धरून. तिने ते कधी वर केलं हे एकाही मोठ्या माणसाने पाहिलं नाही. विचारायचं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनेच विचारलं, "बाई, तुमच्याकडं आला?"

"आला."

"कुठं लागला?"

"मानेला. इथे, केसांखाली."

तिने थोडा विचार केला.

"मग बरोबर," ती म्हणाली, आणि निशाण खाली घेतलं.